भाई मेतरांची कोरी गाडी

देवबागच्या रस्त्यावर भाई मेतरांची जीप सुरू झाली की अर्धा गाव शिव्या घालत कूस बदलायचा आणि उरलेला अर्धा चुलीकडे वळायचा. डिझेलची जुनी जीप. धूर असा सोडायची की मागच्या स्कूटरवाल्याला पुढचा माड दिसू नये. पण तिच्यात मासे विकणाऱ्या सहा बायका बसत, त्यांच्या सहा पाट्या बसत, शिवाय त्यांच्या सुना, नवरे, गुडघेदुखी आणि भांडणंही दाटीवाटीने बसत. भाई त्यांना मालवणच्या बंदरावर लिलावाला नेत. पाट्या भरल्या की कट्टा, पेंडूर, कसाल असं करत एकेकीला तिच्या तिच्या गावात उतरवत आणि दुपारी गोळा करून परत आणत.

भाईंची बायको आनंदी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी किशोरी पुण्याला नोकरीत. घरात बोलायला कोण, तर भिंती. तेव्हा भाईंचा संसार म्हणाल तर तो त्या जीपमध्येच होता. घरी उतरताना प्रत्येक बाई पाटीत राखलेला एक मासा त्यांच्या डब्यात टाकी. त्याला त्या ‘भाईचो वाटो’ म्हणत. कुणाचा बांगडा, कुणाचा सौंदाळा, कुणाची लेप, सगळं एकाच कालवणात. असलं कालवण आनंदीच्या हयातीत त्या घरात शिजलं नसतं, पण भाई ते बोटं चाटून खात.

मग एका वादळात घरामागचे तीन माड समुद्राने नेले. आनंदीने लावलेले. किशोरी धावत आली आणि उघड्या पडलेल्या मुळांजवळ बराच वेळ उभी राहिली.

“बाबा, समुद्र उगाच नाही चढत. सगळ्या जगाचा धूर आहे हा. आपलाही आहे.”

“माजी एक जीप बंद केलंय म्हणान दर्या मागे जातलो काय गो?”

“कुणीतरी सुरुवात करायला हवी ना!”

असं म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि वाद तिथेच संपला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं की भाई कशालाही होकार देत. जीप भंगारात गेली. किशोरीने स्वतः पसंत केलेली विजेवरची पांढरी गाडी दारात आली. तिला धूर नव्हता, आवाज नव्हता, पडवीतल्या प्लगावर ती मुकाट्याने चार्ज होई. गाडी वाईट होती असं कुणी म्हणू नये. किशोरी चुकीचं बोलली असंही नाही.

पहिल्या दिवशी ती गाडी नाक्यावर येऊन उभी राहिली तरी बायकांना पत्ता नाही. भाईंनी हॉर्न दिला तेव्हा काशीबाई दचकली. सगळ्या भोवती जमल्या. राधाबाईने पदराला हात पुसला आणि मग दाराला लावला. कौतुक झालं, पण आत कुणी बसेना.

“पाटी घेवन ह्येच्यात? नाय रे भाई,” काशीबाई म्हणाली. “तुज्या चेडवान इतक्या हौसेन दिल्यान, आणि आमी पयल्याच दिवशी वास लावूचो?”

“मी ताडपत्री घालतंय मगे.”

“मासळेचा पाणी ताडपत्रेक ऐकता काय?”

शिवाय जागा चार आणि बायका सहा. दोघींना टाकून चौघींनी बसायचं हे त्यांच्यात होणारं नव्हतं. रागाने नाकारलं असतं तर भाईंनी दोन शब्द सुनावून आत कोंबलं असतं. पण हा मान होता, आणि मानाशी भांडायचं कसं? भाईंनाही त्या दिवशी थोडा अभिमान वाटला, हेही खरं. म्हणून त्यांनी फार आग्रह केला नाही.

आठवडाभरात प्रत्येकीने आपली सोय पाहिली. एकीची सून स्कूटरवरून सोडू लागली, एकीचा मुलगा मोटरसायकलवरून. दोघींनी टेम्पो धरला. काशीबाई आणि राधाबाई रिक्षाने जाऊ लागल्या. जिथे एक जीप धूर सोडत जायची तिथे आता चार गाड्या धूर सोडत जात आणि त्यांच्यामागून भाईंची बिनधुराची पाचवी, रिकामी. काम नसताना ते सवयीने बंदरावर जात. लिलाव लांबून पाहत, गिऱ्हाइकासारखा मासा विकत घेत आणि काचा वर करून परत येत. मासा ताजा असे, पण जेवण घशाखाली उतरत नसे.

संध्याकाळी किशोरीचा फोन. “बाबा, गाडी चालवता ना रोज? ऑफिसात सगळ्यांना सांगते मी तुमचं.”

“चालवतंय गो. बरी आसा गाडी.”

एवढी मोलाची भेट देणाऱ्या लेकीला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझ्या गाडीत मला एकटं वाटतं?

एका दुपारी भाईंनी बंदरावरून पाटीभर तारले मासे आणले, मागच्या सीटवर ओतले आणि काचा बंद करून गाडी उन्हात लावली. उन्हं कलल्यावर मासे काढून वर मासळीचं पाणी शिंपडलं. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा कामातून गेला म्हणालं असतं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्यांनी दार उघडलं तेव्हा काशीबाईच्या नाकालाही तो वास सोसवेना.

“वास लागलो,” भाई म्हणाले. “आता बसा.”

तिने सीटकडे पाहिलं, भाईंकडे पाहिलं. “ह्यां काय केलंस रे? किशोरी काय म्हणतला?” पण पाटी आत आली. पाठोपाठ राधाबाईची. बाकीच्या चौघींची घडी बसली होती, त्या काही परत आल्या नाहीत. तरी दोघींनी पुरेपूर भरपाई केली. कसाल येईपर्यंत राधाबाईच्या सुनेचे इतके गुन्हे निघाले की भाई कट्ट्याचं वळणच विसरले. असं विसरायला होऊन किती दिवस झाले होते!

मे महिन्यात किशोरी आली. गाडीचं दार उघडलं आणि तिने नाकाला रुमाल लावला.

“बाबा! मासे सांडले का हो आत? मला सांगायचं नाही? एकट्याने कसं निभावणार तुम्ही हे.”

पुढचे दोन दिवस ती त्या गाडीशी झटत होती. सीट काढून उन्हात टाकली, सोडा लावून स्वतःच्या हातांनी घासली, नवी कव्हरं चढवली, आरशाला अत्तराची कुपी टांगली. भाई पडवीत बसून बघत होते. दोनदा तोंड उघडलं, पण तिची सोलवटलेली बोटं दिसली आणि बंद केलं. आता पुन्हा तिथे मासळीचं पाणी ओतायचं म्हणजे त्या बोटांवर ओतण्यासारखं होतं.

जायच्या दिवशी भाई तिला मालवणच्या स्टँडवर सोडायला निघाले. नाक्यावर काशीबाई आणि राधाबाई पाट्या घेऊन उभ्या होत्या. किशोरीनेच उतरून मागचं दार उघडलं.

“काकी, बसा ना. जागा आहे.”

काशीबाईने आत वाकून पाहिलं. कोरी कव्हरं, अत्तराचा घमघमाट. तिने पाटी परत कमरेवर घेतली. “नको गो बाय. किती मेहनत घेतलंस. आमका रिक्षा गावतली.” भाईंच्या नजरेला तिने नजर दिली नाही. मागून आलेल्या रिक्षात दोघी बसून गेल्या.

“किती समजूतदार आहेत ना या,” किशोरी म्हणाली. भाईंनी गाडी पुढे काढली.

स्टँडवर एसटी लागलेली होती. किशोरीने पिशवी खांद्याला लावली, गाडीच्या टपावरून प्रेमाने हात फिरवला. “बाबा, मला किती बरं वाटतं माहितीये? आपल्या घरातलं एक माणूस तरी आता धूर न करता जातंय.”

“होय गो,” भाई म्हणाले. “एकच माणूस जाता.”

किशोरीला ते ऐकून समाधान वाटलं. ती वाकून पाया पडली आणि हसत एसटीत चढली.