चढावर गुरुजी थांबत नाहीत

चार मास्तर एकत्र बसले की पगाराचं आणि बदलीचं बोलतात, असा लोकांचा समज आहे. आमचं तसं नाही. मी, पवार सर आणि जोशी गुरुजी एखाद्या लग्नात जरी भेटलो तरी पंगतीत बसल्यापासून एकच विषय, गिअर! शेजारच्या पाटावरचा माणूस थोडा वेळ ऐकतो आणि विचारतो, "ट्रॅक्टरचा धंदा हाय का तुमचा?" मग पवार सर त्याला पहिल्यापासून समजावून सांगायला घेतात आणि जिलबीवाला तसाच पुढं निघून जातो.

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. रोज एकच चढ, रोज तीच तीन माणसं, आणि वर शाळेच्या भिंतीवर बसून बघणारी पोरं. एवढं असलं की किस्से आपोआप होतात. आपण फक्त पडायचं काम करायचं.

शाळा औंढ्याच्या डोंगरात, एका तांड्यावर. बस पायथ्याच्या फाट्यापर्यंत कधी यायची, कधी नाही. फाट्यापासून वर मुरमाचा चढ. जोशी गुरुजी मुख्याध्यापक. घराणं देवळाच्या पूजेअर्चेतलं, सगळे भाऊ औंढ्यात नागनाथापाशी, आणि हे एकटे डोंगरावर पोरांना पाढे शिकवायला. पवार सर हट्टा गावचे, अंगानं पैलवान, आवाजानं त्याहून पैलवान. आणि तिसरी मी, चव्हाण बाई. मी स्वतः दुसऱ्या एका तांड्यावरची. त्यामुळं पाण्याला निघालेल्या बाया आमच्याबद्दल आपसात तांड्याच्या बोलीत काय बोलतात ते मला कळायचं, या दोघांना नाही. बरंच होतं ते.

* * *

आधी आमच्याकडं साध्या काळ्या सायकली होत्या. फाट्यापर्यंत सायकल आम्हाला न्यायची, तिथून पुढं आम्ही सायकलला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवार सरांनी नांदेडहून गिअरची सायकल आणली. जाड टायर, आडवा दांडा, पुढं तीन दातेरी चक्र्या, मागं सहा. शाळेसमोर उभी केली तर सगळा तांडा बघायला आला.

गुरुजींनी चष्मा पुसून चक्र्या बघितल्या. "गिअर किती म्हणालात, पवार?"

"अठरा, गुरुजी."

"अठरा कशाला? आपल्याला चढ तर एकच आहे."

तरी वर्षभरात गुरुजींनी आणि मीही तशाच घेतल्या. मी साडी सोडून पंजाबी ड्रेस घातला, त्यावर सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनीच ओढणी चेनीत जाऊ नये म्हणून सेफ्टी पिन आणून दिली.

* * *

पवार सरांचं गणित सरळ होतं. जड गिअर मर्दाचा, हलका लेकराचा. त्यामुळं ते चढाला लागताना मुद्दाम जड गिअर टाकायचे. दात-ओठ खात कसेबसे अर्ध्या चढापर्यंत जायचे, मग सायकल जागच्या जागी उभी राहायची आणि सर खाली. पण उतरलो असं कबूल करायचं नाही. खाली वाकून चेन बघायची, मागचं चाक फिरवून बघायचं, मान हलवायची आणि सायकल ढकलत वर.

रोज लाकडं घेऊन जाणारी एक म्हातारी हे बघत होती. एक दिवस तिनं डोक्यावरची मोळी न उतरवता विचारलं, "सर, काहून वो, रोजच आजारी राहते का ही गाडी?"

त्या दिवसानंतर सरांनी निदान चेन बघायचं सोडलं. गिअर मात्र सोडला नाही.

* * *

आमच्यातली खरी अडचण वेगळीच होती. मोठ्यांना मागं टाकून पुढं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गुरुजी पुढं, मग पवार सर, मग मी. गुरुजींचा गुडघा दुखायचा आणि हलका गिअर त्यांना मान्य नव्हता. "पाय असे भिरभिर फिरवत जायचं? मुख्याध्यापकाला शोभतं का ते?" म्हणून अर्ध्या चढावर ते उतरायचे. ते उतरले की सर उतरायचे, कारण गुरुजी पायी आणि आपण सायकलवर, बरं दिसत नाही. सर उतरले की मीही. माझ्या सायकलीचा हलका गिअर मला वरपर्यंत मजेत नेत होता, पण सांगायचं कोणाला?

वरून भिंतीवरची पोरं ओरडायची, "गुरुजी उतरले! सर उतरले! बाई उतरल्या!" हजेरी आम्ही घ्यायच्या आधी तीच आमची घ्यायची.

* * *

आता यात हसण्यासारखं नसलेलं सांगते. आमच्या तालुक्याचे शिक्षणाचे साहेब म्हणजे गुरुजींचेच जुने विद्यार्थी. माणूस लाखात एक. त्यांच्या कानावर गेलं की गुरुजी गुडघा धरून चढ चढतात आणि प्रार्थनेला उशीर होतो. दुसरा असता तर जाब विचारला असता. हे साहेब घरी आले, गुरुजींच्या पाया पडले आणि म्हणाले, "ऑफिसात एक टेबल मोकळं होऊन राहिलं, गुरुजी. बराबर पंख्याखाली. निवृत्तीपर्यंतची थोडी वर्षं तिथं बसा. आता ही तकलीफ नको."

काकूंना, म्हणजे गुरुजींच्या मंडळींना, आनंद झाला. साहेब जेवून गेले. गुरुजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चढावर सायकल ढकलता ढकलता ते मला म्हणाले, "बाई, पंख्याखाली पोरं नसतात हो." मी म्हटलं, मग नाही म्हणून टाका ना. तर म्हणाले, "त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणू? लेकरू माझ्या भल्याचंच बोलून राहिलं. तो पुन्हा समोर बसला आणि नीट विचारलं, की माझ्या तोंडून हो निघणार. चढ चढवत नाही हे त्याचं म्हणणं खरंच आहे ना?"

म्हणजे एकच उपाय होता. गुरुजींनी चढ न उतरता चढायचा, आणि तोही साहेब विचारायच्या आत.

* * *

मी हलक्या गिअरबद्दल समजावलं. पवार सरांनी तर उलट जड गिअरबद्दल समजावलं. गुरुजींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि जे करत होते तेच करत राहिले. शेवटी काम केलं ते औंढ्याच्या बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्यानं, आणि तेही चुकून.

गुरुजींच्या सायकलीचा गिअर चालता चालता आपोआप बदलायला लागला होता. पंक्चरवाल्यानं गिअरची सायकल आयुष्यात खोलली नव्हती, पण नाही म्हणेल तर शपथ. त्यानं विचार केला की मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला दात जास्त, म्हणजे चेन तिथंच पक्की बसणार. आणि पुढच्या सगळ्यात लहान चक्रीवरून चेन आणखी खाली पडायला जागाच नाही. तेव्हा चेन हातानं या दोन चक्र्यांवर चढवली आणि गिअरचे दोन्ही खटके तारेनं आवळून टाकले.

"घ्या गुरुजी. आता जन्मात न्हाई बदलत."

म्हणजे अठरापैकी सगळ्यात हलका गिअर कायमचा बसला. गुरुजी निघाले. सपाट रस्ता, पाय गरागरा फिरताहेत आणि सायकल बैलगाडीच्या मागं. सगळ्या बसस्टँडनं बघितलं. रसवंतीवाल्यानं घुंगरू वाजवायचं थांबवलं. गुरुजींचे कान लाल झाले होते. आम्ही दोघं मागं, असे फाट्यापर्यंत आलो.

मग चढ लागला. गुरुजी नेहमीच्या जागी उतरायला म्हणून थांबणार, तर उतरायची गरजच लागेना. पाय फिरत होते, सायकल सावकाश वर चालली होती, गुडघा गप्प होता. नेहमीची जागा मागं पडली. पुढचं वळण आलं. तिथं त्यांना इतकं नवल वाटलं की ते आम्हाला सांगायला मागं वळले आणि आडवे झाले.

धोतराची माती झटकत म्हणाले, "तार राहू द्या, पवार. लोक हसले तर हसू द्या."

भिंतीवरच्या पोरांना मात्र काय ओरडावं ते समजेना. गुरुजी उतरले म्हणावं की पडले?

* * *

पुढं रोज सराव. त्यात एक गोष्ट पक्की कळली की चढावर थांबायचं नाही. एकदा पाय टेकला की त्या मुरमावर पुन्हा स्वार होता येत नाही. पण तांड्यावर गुरुजींना मान इतका की दिसेल तो हात जोडणार, आणि गुरुजी नमस्काराला नमस्कार दिल्याशिवाय राहणार नाहीत. एक दिवस तांड्याचे प्रमुख, नाईक, समोरून आले, "राम राम, गुरुजी." गुरुजींनी हँडल सोडून दोन्ही हात जोडले. सायकल एकीकडं, गुरुजी घाणेरीच्या झुडपात.

नाईकांना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याच दिवशी तांड्याला बसवून सांगितलं की सकाळच्या वेळी चढावर गुरुजींकडं कोणी बघायचं नाही, बोलायचं नाही, हात जोडायचे नाहीत. तांड्यानं ते मनावर घेतलं. गुरुजी येताना दिसले की बाया पदर ओढून पाठ फिरवायच्या, माणसं झाडाकडं तोंड करून उभी राहायची.

आखाडा बाळापूरहून नाईकांकडं सोयरे आले होते. त्यांनी हा प्रकार बघितला आणि हळूच विचारलं, "पाव्हणं, हेडमास्तरशी भांडण हाय का गावाचं?"

नाईक म्हणाले, "न्हाई वो. लई इज्जत हाय. म्हणूनच कोणी बोलत न्हाई."

* * *

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजी चढाच्या वरच्या वळणापर्यंत जात होते. माथा अजून एकदाही गाठला नव्हता. आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांची जीप फाट्यावर येऊन उभी राहिली. पावसानं मुरूम वाहून गेला होता, ड्रायव्हर म्हणाला गाडी वर जात नाही. साहेब खाली उतरले. नवे काळे बूट, गळ्यात टाय, हातात रुमाल. त्या दिवशी होकार मिळाला नाही तर टेबल दुसऱ्या कोणाला जाणार होतं, म्हणून ते स्वतः गुरुजींना विचारायला आले होते.

आम्ही तिघं तेवढ्यात चढाला लागलेलो. मला वाटलं, आता हे थांबणार, साहेब नीट विचारणार, आणि गुरुजी हो म्हणणार.

"गुरुजी, थांबा, थांबा," साहेब मागून आले.

"चढावर थांबता येत नाही, साहेब," गुरुजी पाय फिरवत म्हणाले. "तुम्ही बोला ना. मी ऐकून राहिलो."

सायकल माणसाच्या चालीनंच चालली होती, त्यामुळं साहेब बाजूनं चालू लागले. पवार सर मागं, मी त्यांच्या मागं.

"गुरुजी, ते टेबलाचं मी मागं बोललो होतो..."

"हो, हो. आधी सांगा, आईची तब्येत कशी आहे?"

आता गुरुजींच्या वर्गात एक शिस्त होती. प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. नुसतं 'बरी आहे' म्हटलं की गुरुजी म्हणायचे, कोण बरी आहे, नीट सांग. गुरुजींच्या हाताखाली शिकलेला माणूस म्हातारा झाला तरी ते सुटत नाही. साहेब म्हणाले, "माझ्या आईची तब्येत आता पहिल्यापेक्षा बरी आहे, गुरुजी."

"छान. आणि धाकटा काय करतो?"

"माझा धाकटा मुलगा... परभणीला... अकरावीत शिकतो."

"कोणकोणते विषय घेतले त्यानं?"

साहेबांनी सगळे विषय सांगितले, पूर्ण वाक्यात. चढ उभा होत चालला होता. टाय सैल झाला. रुमाल भिजला. मधेच त्यांनी, "गुरुजी, ते टेबल..." म्हटलं, तर गुरुजींनी घराच्या बांधकामाचं विचारलं. कोणी केलं, वीट कुठली, पाणी कुठून आणलं. एकेक प्रश्न शांतपणे, आणि पाय आपले फिरताहेत. गुरुजी हे मुद्दाम करत होते का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

वरचं वळण आलं. इथवर ते रोज येत होते, पुढं कधी नाही. गुरुजींचा गुडघा थरथरताना मला मागून दिसला. पवार सर स्वतःशीच पुटपुटत होते, "हलका, गुरुजी, हलका," जणू त्याहून हलका गिअर अजून शिल्लक होता. सायकल वळवळली, डगमगली आणि वळणाच्या पुढं सरकली. झाडाकडं तोंड करून उभे असलेले नाईक न राहवून वळून बघत होते.

माथा आला. शाळेच्या आवारात पोरं प्रार्थनेच्या रांगेत उभी. गुरुजींनी ब्रेक लावला, पाय टेकला, सायकल भिंतीला लावली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. साहेब एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं कंबर धरून उभे होते.

"हं, साहेब," गुरुजी म्हणाले. "टेबलाचं काय विचारत होता? पूर्ण वाक्यात सांगा."

साहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"पाणी."