पिंजऱ्यातून आलेला वास

मी भूतबीत, संकेतबिंकेत काही मानत नाही. इथले किस्से वाचतो, करमणूक होते आणि झोपही छान लागते. तरी हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, एकदाचं लिहून मोकळा हो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी राहायला तळवलीत, कॉलेज वाशीला, टी.वाय. बीएस्सी, झूलॉजी. आमचं प्रोजेक्ट होतं उंदीर, घुशी आणि चिचुंद्र्यांवर. शेतात कोणत्या जाती, खाडीकाठी कोणत्या, नव्या बिल्डिंगींच्या आसपास कोणत्या... जिवंत पकडून लॅबमध्ये न्यायचे आणि त्यांची गुणसूत्रं मायक्रोस्कोपखाली बघायची. आई म्हणायची, लोकं उंदीर घालवतात, आमचा पोरगा घेऊन येतो.

माझी पार्टनर नसरीन, उरणची. तिचं नाक असं की कॅन्टीनच्या जिन्यातच आत काय शिजतंय ते सांगायची. मी नेमका उलटा. लहानपणी पेरूच्या झाडावरून डोक्यावर पडलो (हसा!), तेव्हापासून मला वास येतच नाही. अजिबात. म्हणून पिंजऱ्यात सुका बोंबील लावायचं काम कायम माझ्याकडे.

पिंजरे पत्र्याचे, चारी बाजूंनी बंद, आत काय आहे ते दिसत नसे. तोंडाला कापडी पिशवी लावायची, कडेने दोन बोटं घालून दार आत ढकलायचं, की जनावर पिशवीत. पण चिचुंद्री निघाली तर तिच्या वासाने पिशवी वाया जायची. म्हणून वास मारणारा पिंजरा लांबून, काठीने, बादलीत उघडायचा. हुंगायचं काम अर्थातच नसरीनचं.

त्या सकाळी आम्ही माझ्या काकीच्या शेताच्या बांधावर होतो. एक पिंजरा बंद झालेला. नसरीनने हुंगला, काही नाही म्हणाली. हलका लागत होता, उंदराचं पिल्लू असेल. तिने पिशवी लावली, बोटं आत घालणार... आणि माझ्या नाकात काहीतरी शिरलं. उग्र, झोंबणारं. डोळ्यांत पाणी आलं. हे काय होतंय तेच मला क्षणभर कळेना.

"नसरीन, थांब. ह्याला वास येतोय."

तिला वाटलं मी फिरकी घेतोय. साहजिक आहे, कॉलेजभर मी दुसरं केलं काय होतं? तरी तिने परत हुंगलं, मग काकीलाही हुंगायला लावलं.

"मना त कायच वास येत नाय," काकी म्हणाली.

नसरीन वैतागली. उन्हं चढतायत, बाकीचे पिंजरे राहिलेत, म्हणाली आणि पुन्हा बोटं दाराकडे नेली. मी सरळ पिंजरा हिसकावला आणि तिच्यावर ओरडलो — त्याआधी कधीच ओरडलो नव्हतो. शेवटी तिनेच चिडून तो मला बादलीवर तिरका धरायला लावला आणि लांबून काठीने दार ढकललं.

बादलीत फुरसं पडलं, वीतभरच पण जहाल विषारी साप. अंगाला अंग घासत करकर आवाज करत होतं.

नसरीन मटकन बांधावर बसली. आपली बोटं बघत आधी रडली, मग हसत सुटली, तिला बघून मीही. काकी फुरशाला यथेच्छ शिव्या घालत होती. इतकं सुटल्यासारखं मला बारावीच्या रिझल्टलाही वाटलं नव्हतं.

सर म्हणाले, आधी त्यात चिचुंद्री अडकली असेल, वास राहिला असेल. मग तो नसरीनला का नाही आला? नाकाचे डॉक्टर म्हणाले, वास गेलेल्यांना कधीकधी खोटे वास येतात. येत असतील... पण नेमका त्याच पिंजऱ्याशी, त्याच वेळी? फुरसं बाहेर पडलं आणि वास गेला, तो गेलाच. आजपर्यंत मला पुन्हा कसलाही वास आलेला नाही. कारणही सापडलेलं नाही.

नसरीन हल्ली खांदेश्वरला असते, शाळेत बायोलॉजी शिकवते. परवा फोनवर तिला विचारलं, तुला काय वाटतं, काय असेल ते?

"ते तू शोधत बस," ती म्हणाली. "मी रोज ह्याच हाताने फळ्यावर लिहिते, मला तेवढं पुरतं."