मॅडमना पाय लागतो

पाठीवर पडायची लाज जायला मला महिना लागला; पडल्यावर पाय चालवायला वर्ष. जिउ-जित्सूच्या कुस्तीत पाठ टेकली म्हणजे हरलो, असं नसतं. समोरची बाई आपले पाय ओलांडून छातीवर येऊन बसत नाही, तोवर आपण खेळात आहोत. पायांच्या या कुंपणाला गार्ड म्हणतात. ते मोडलं की पुन्हा घालायचं. तळवा तिच्या कमरेवर, गुडघा मधे, कूस बदल, पुन्हा तळवा.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. अडचण एकच, समोर मॅडम असायच्या. शाळेत आम्हाला पीटी शिकवणाऱ्या, आता निवृत्त, जुन्या ज्युदो खेळाडू. त्यांच्याच सांगण्यावरून मी दर रविवारी अकोल्याहून एसटीने अमरावतीला या क्लासला जायची. माझा पाय त्यांना लागला, की हात आपोआप त्यांना स्पर्श करून माझ्या कपाळाला लागायचा. लहानपणापासूनची सवय. तेवढ्यात मॅडम पाय ओलांडून छातीवर.

"नमस्कार काहून करून राहिली वं? पायाकडं पाह्य ना आधी!"

नागपूरच्या स्पर्धेला जायचं तर मॅडमसमोर तीन मिनिटं गार्ड टिकवायचा, ही क्लासच्या कोचची अट. मागच्या महिन्यात माझी चाळीस सेकंदांत वाट लागली. परतीच्या एसटीत बडनेऱ्यापर्यंत रडले. मूर्तिजापूर येईतो ठरवलं, यापुढे हात मोकळे ठेवायचेच नाहीत. घरी गादीवर पडून रोज नवऱ्याच्या बाह्या धरायच्या आणि त्याच्या छातीवर पाय रोवायचे. सासूबाई एकदा दारातून बघून परत गेल्या.

गेल्या रविवारी मी मॅडमच्या दोन्ही बाह्या गच्च धरल्या. त्या डावीकडून आल्या, मी कूस बदलली. उजवीकडून आल्या, गुडघा आत घातला. शेवटच्या मिनिटात त्यांनी सगळं वजन टाकलं, माझा पाय सटकला आणि टाच थेट त्यांच्या हनुवटीवर बसली. दात आपटल्याचं मला ऐकू आलं. इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. नमस्काराच्या सवयीने उजव्या हाताची बोटं बाहीवर सैल पडू लागली.

मॅडम काही थांबल्या नाहीत. मग मीही बाही पुन्हा आवळली, तोच पाय त्यांच्या छातीवर ठेवला आणि जोर लावून ढकललं.

शिट्टी वाजली. मॅडमनी ओठावरचं रक्त पुसलं आणि कोचकडे वळून म्हणाल्या, "लिव इचं नाव."