बिनपुस्तकाचा ट्रक

परदेशात जुन्या गाड्या दुरुस्त करून पहिल्यासारख्या करण्याचं शिक्षण घेताना माझी एक समजूत पक्की झाली होती. प्रत्येक ट्रकचं एक पुस्तक असतं. ते एखाद्या लायब्ररीत असतं, नाहीतर क्लबच्या कपाटात. आपण मेल पाठवतो, चार दिवसांनी पानं स्कॅन होऊन येतात, आपण आभार मानतो आणि पाना हातात घेतो.

ह्याच भरवशावर मी कोल्हापूरला परत आले आणि आजोबांच्या लांब नाकाच्या ट्रकचा गिअरबॉक्स खोलला. उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये जुनी चादर पसरली, तिच्यावर दातेरी चाकं, शाफ्ट आणि रिंगा ओळीनं मांडल्या. हा ट्रक चालू झाला की शेडवर पाटी लावायची आणि जिल्ह्यातला एकही जुना ट्रक भंगारात जाऊ द्यायचा नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. लोक मान डोलावत होते.

त्याला आता दोन वर्षं झाली. ह्या काळात पुस्तक सोडून बाकी सगळं मिळालं. चहा मिळाला, सल्ले मिळाले, दोन स्थळंसुद्धा आली! उघडा गिअरबॉक्स फार दिवस पडून राहिला की त्याला गंज धरतो, आणि गंजाबरोबर किस्से.

*

"नेटवर बघ की," असं सगळेच सांगतात. बघितलं. परदेशातल्या एका भल्या माणसानं अख्खं पुस्तक पाठवलंसुद्धा. पण आमच्या गाडीला इथल्या घाटांसाठी वेगळा गिअरबॉक्स बसवलेला आहे, आणि त्याचं पुस्तक फक्त इथंच छापलं होतं. त्या भल्या माणसानं शेवटी लिहिलं, "तुमच्याकडे सापडलं तर मलाही एक प्रत पाठवा."

*

मग मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकान मगदूमअण्णांचं. तीन पिढ्यांचा धंदा, छतापर्यंत खोकी.

"अण्णा, ह्या गाडीचा पार्ट कॅटलॉग आहे का?"

"कॅटलॉग कशाला? पार्ट घेऊन या. हातात घेतला की सांगतो."

"पार्टच नाहीये, म्हणून कॅटलॉग हवाय. नेमका कुठला नाहीये तेच कळत नाही."

अण्णांनी चष्मा काढला. "समजा कॅटलॉग मिळाला. त्यात पार्ट सापडला. नंबर कळला. बरोबर?"

"बरोबर!"

"मग तुम्ही माझ्याकडं येणार. मी म्हणणार, न्हाय. त्यापेक्षा आत्ताच म्हणतो की!"

*

आमच्या शेडचे मिस्त्री सर्जेराव. आजोबांच्या वेळेपासूनचे. पुस्तकाचं नाव काढलं की त्यांना राग येतो.

"पुस्तक काय करायचंय? मी काय मेलोय?"

एके दिवशी ते आपल्या जुन्या जोडीदाराला, बंडूमामांना, घेऊन आले. दोघं चादरीशेजारी बसले. पितळेची एक रिंग उचलून सर्जेराव म्हणाले, "हिचा गुळगुळीत भाग पुढं."

"मागं," बंडूमामा म्हणाले.

"पुढं! मी चाळीस गाड्या जोडल्यात."

"म्हाईत हाय की. त्या सगळ्या परत मीच खोलल्यात!"

त्यानंतर दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. रिंग चादरीवर तशीच राहिली.

*

गारगोटीच्या एका शाळेत पूर्वी मोटार दुरुस्तीचा वर्ग चालायचा. तिथं पुस्तक असल्याचं कळलं म्हणून एसटीनं गेले. खरंच होतं! काचेच्या कपाटात, मधल्या कप्प्यात, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर.

"कपाटाची किल्ली?" मी ग्रंथपाल सरांना विचारलं.

"आधीचे सर रिटायर झाले, त्यांच्याकडं ऱ्हायली."

"ते कुठे असतात?"

"वारले की."

"मग कुलूप तोडू या. नवीन कुलूप मी आणून देते."

सर दचकले. "अहो, शाळेची मालमत्ता हाय! आणि पुस्तक दिसतंय न्हवं? मग काळजी कशाची? हरवलेलं न्हाय."

वरपर्यंत अर्ज केला. अजून उत्तर नाही. जाता-येता कधी गारगोटी लागली तर मी काचेतून बघून येते. सर आता चहा विचारतात.

*

चंदगडच्या घाटगेकाकांकडे असाच ट्रक होता. गाडी कधीच गेली, पण पुस्तक त्यांनी नंतर हौसेनं कुठूनसं पैदा केलं होतं. ते देणार नाहीत, फोटोही काढू देणार नाहीत. फोनवरून वाचून दाखवायला मात्र तयार.

"रोज संध्याकाळी फोन कर. मी वाचतो, तू लिहून घे."

"काका, फक्त गिअरबॉक्सचा धडा पाहिजे."

"असं मधनंच कसं? सुरुवातीपासनं वाचायचं!"

चंदगडचा पाऊस, फोनला रेंज नाही. काका पोथी वाचल्यासारखे सुरात वाचायचे. टायरची हवा झाली, रेडिएटर झाला, ब्रेक झाले. प्रत्येक धड्यानंतर त्यांच्या तरुणपणच्या एखाद्या ट्रकफेरीची गोष्ट. माझी वही भरत आली. अखेर एका संध्याकाळी मी म्हटलं, "काका, आता गिअरबॉक्स!"

पलीकडून पानं चाळल्याचा आवाज आला.

"त्या पानांस्नी वाळवी लागली बघ. पार भुगा झालाय."

"कधी?"

"झाली की धा-बारा वर्सं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं तर तू फोन केला असतास व्हय?"

मी अजूनही अधूनमधून फोन करते. धडे संपलेत, फेऱ्या संपलेल्या नाहीत.

*

ह्या दसऱ्याच्या आधी बाबा शेडमध्ये आले. चादरीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत गाडी स्वतःच्या चाकावर दाराबाहेर आली, तर शेड तुझी. नाही आली, तर शेड पशुखाद्याच्या गोदामाला देतोय आणि गाडी भंगारवाल्याला. मला आता लोकांना उत्तरं देता येत नाहीत."

मला तरी कुठं देता येत होती?

आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गडहिंग्लजहून फोन आला.

"तुमच्याकडं जी गाडी हाय, ती आमच्या अप्पांनी तुमच्या आजोबास्नी विकलेली. पुस्तक आमच्याकडंच हाय."

"इतकी वर्षं?"

"तुम्ही इचारलंच न्हाय की!"

बोलणारे मल्लाप्पाअण्णा. सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यांच्याकडे पोचले. अंगणात खंडेनवमीची पूजा मांडलेली. पाने, जॅक, कोयते, सगळं घासूनपुसून पाटावर. मधोमध लाल फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक, त्यावर झेंडूचं फूल. अण्णांनी हात धुतले, फडकं सोडलं आणि मला हवं तेच पान उघडलं. गिअरबॉक्सची आकृती. एकेक रिंग, एकेक नंबर, कुठली बाजू पुढं तेसुद्धा! माझे डोळे भरून आले. मी फोन काढला.

अण्णांनी पुस्तक मिटलं.

"फोटो न्हाय."

"अण्णा, एकच पान!"

"दाव्याचा फोटो काढून जनावर बांधता येतंय काय?"

मला कळेना. कडेला बसलेल्या त्यांच्या आई, अव्वा, म्हणाल्या, "बाई, जनावर विकलं तरी त्याचं दावं कुणी देतंय काय? दावं घरात ठिवायचं. न्हायतर लक्ष्मी त्याच्यामागनं जात्या. ह्यांनी गाडी विकली, पुस्तक ठिवून घेटलं. समदेच ठिवत हुते."

समदेच! आणि मी दोन वर्षं ट्रक विकणारे सोडून बाकी सगळ्यांची दारं ठोठावत होते.

मी हात जोडले, पैसे देऊ केले, भंगारवाल्याचं सांगितलं. भंगाराचं ऐकून अण्णा हलले. त्यांनी पुस्तक परत फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाले, "गाडी हिकडं आण. जागा हाय, पुस्तक हाय. हितं बसून जोड, चालू कर. तुला कोण अडवत न्हाय. पण मग ती हितंच ऱ्हाणार."

"म्हणजे गाडी तुमची?"

"दावं आमच्याकडंच हाय न्हवं?" अण्णा म्हणाले, अगदी सरळपणे.

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. पाटी, शेड, पहिला ट्रक, काही डोक्यात थांबेना.

दसऱ्याच्या सकाळी लोक नव्या गाड्यांना हार घालून घरी आणतात. आमच्या दारात ट्रेलर येऊन उभा राहिला. सर्जेराव आणि बंडूमामांनी चादरीतले पार्ट खोक्यात भरले, नाक वर करून ट्रक चढवला, दोर आवळले. बाबा दारात उभे होते.

"कुठं? भंगारात?" त्यांनी विचारलं.

"गडहिंग्लजला."

ट्रेलर सुरू झाला. तेवढ्यात सर्जेराव ओरडत आले. ट्रकच्या नाकाखाली घालून, गरागरा फिरवून इंजिन चालू करायचं ते लोखंडी हँडल त्यांच्या हातात होतं.

"ताई, थांबवा! हँडल ऱ्हायलं की हितंच! ह्याच्याबिगर गाडी सुरू कशी हुणार?"

मी ते त्यांच्या हातातून घेतलं, पुसलं आणि घरात नेऊन ठेवलं.

"राहू दे," मी म्हटलं.