तालमीचे पाहुणे

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, घरी असले की इकडची काडी तिकडे करत नाहीत. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर असला तरी ‘अगं’ अशी हाक मारतात आणि कुणीतरी तो उचलून हातात देईपर्यंत तहानलेले बसून राहतात. स्वतःचे मोजे कुठल्या कपाटात असतात हे त्यांना आजतागायत माहीत नाही. आणि हाच माणूस एकदा बोटीवर चढला की उशीच्या खोळीची शिवण दाराकडे तर येत नाही ना, हे वाकून बघतो. मला हे दोन्ही भाऊजी माहीत आहेत, कारण त्यांच्याच बोटीवर मी स्वयंपाक करते. ही नोकरी त्यांनी लावून दिली, याची आठवण ते मला रोज न चुकता देतात आणि मी रोज भांडी जरा जोरात आपटते.

बोट म्हणजे जाळी टाकायची बोट नव्हे. बड्या मालकाची नवीकोरी यॉट. आत झुंबरं, संगमरवरी न्हाणीघरं, पायाखाली लाकूड असं गुळगुळीत की आपलंच तोंड दिसावं. भाऊजी तिचे मुख्य स्टुअर्ड. पाहुण्यांच्या खोल्या, बिछाने, जेवणाचं टेबल, सरबराई, सगळं त्यांच्याकडे. घरी मात्र ते नुसतं ‘बोटीवर ऑफिसर आहे’ एवढंच सांगत. बिछाने घालतो, हे त्यांनी सासरी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही कधी तोंड उघडलं नाही.

बोट बांधणाऱ्या यार्डातून ती ताब्यात मिळाली असं कागदावर म्हणायचं. नवं घर घेतलेल्यांना यातलं मर्म कळेल. बिल्डर किल्ली देतो, पेढे देतो आणि नळाला पाणी पुढच्या महिन्यात येईल म्हणतो. आमचंही तसंच झालं होतं. मालकांच्या खोलीतला दिवा शेजारच्या न्हाणीघरातल्या बटणाने लागे. एक कपाट बोट जराशी कलली की कुणी न सांगता उघडे. यार्डाचे सुतार, वायरमन आणि प्लंबर रोज सकाळी डबा घेऊन येत आणि संध्याकाळी ‘उद्या बघू’ म्हणून जात.

त्यात यार्डाचा एक नियम होता. आवरणाखाली सापडलेला ओरखडा यार्डाचा, आवरण काढल्यानंतरचा ओरखडा आमचा. हा नियम ऐकला आणि भाऊजींनी बोटीवरचं एकही आवरण काढू दिलं नाही. जमिनीवर पुठ्ठे, सोफ्यांवर प्लास्टिक, टेबलांवर गोधड्या, नळांनासुद्धा कापडाच्या टोप्या. आम्ही सगळे मोजे घालून भुतासारखे वावरायचो. प्लास्टिकवर बसलं की चर्र आवाज व्हायचा आणि तो आवाज ऐकून भाऊजी तीन खोल्या पलीकडून धावत यायचे. बोट त्यांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. एकदा मी म्हटलं, निदान नळ सोडून तरी बघा, पाणी जातं कुठे ते कळेल. त्यावर, नळ पाहुण्यांसाठी आहेत, असं मला सुनावण्यात आलं.

मग मालकांच्या मॅनेजरबाईंचा निरोप आला. मालकांच्या जुन्या बोटीवर एक स्टुअर्ड होता, तरुण, हसतमुख, मालकीणबाईंच्या मर्जीतला. मॅनेजरबाई स्वतः येऊन आमची तयारी बघणार होत्या. पसंत पडली तर भाऊजी राहणार, नाहीतर तो हसतमुख येणार आणि भाऊजी घरी. पन्नाशी उलटलेल्या स्टुअर्डला दुसऱ्या बोटीवर कोण उभं करतो? भाऊजींचं ताट अर्धं परत यायला लागलं. माझ्या हातचं अर्धं ताट परत येणं मला सहन होत नाही.

ताईला फोनवर सांगितलं तर ती आधी हसली. सुट्टीत महिनाभर घरी असतात तेवढ्यात माझं वजन उतरतं, कायमचे आले तर मी दिसायचीसुद्धा नाही, म्हणाली. “पण ते खचतील गं,” ती म्हणाली. “बोट गेली तर त्यांच्याजवळ दुसरं आहे काय?”

तयारी दाखवायची तर पाहुणे हवेत. ते कुठून आणायचे, यावर कप्तानांनी तोड काढली. आपल्याच घरच्यांना बोलवायचं. एक दिवस त्यांनी पाहुणे व्हायचं, आम्ही सरबराई करायची आणि मॅनेजरबाईंनी बघायचं. अशी ही तालीम ठरली. बोटीवरच्या इंजिनियरचे आईवडील यायचे होते. भाऊजींकडून त्यांची आई आणि ताई.

आदल्या दिवशी भाऊजींनी आवरणं उतरवली. मुलगी सासरी पाठवताना बापाचं तोंड होतं तसं त्यांचं झालं होतं. प्रत्येक टेबलावरून एकदा हात फिरवला आणि आम्हाला तंबी दिली, की उद्या पाहुण्यांना बोटसुद्धा उचलावं लागता कामा नये.

पाहुणे आले. बूट काढून, हात धुऊन, लग्नाला आल्यासारखे नटून आले आणि त्यांनी आमच्या तालमीवर पाणी फिरवलं.

झालं असं, की ही सगळी माणसं जन्मभर दुसऱ्यांचं करत आलेली. सोफा मळेल म्हणून ताईच्या सासूबाईंनी आधी त्यावर स्वतःचा रुमाल अंथरला आणि मग कडेवर, पडायच्या बेतात, टेकल्या. इंजिनियरच्या वडिलांनी तोंड धुतलं आणि बेसिन पुसून कोरडं केलं. इंजिनियरच्या आईने जेवल्यावर ताटांवर ताटं रचली आणि घेऊन निघाली, तिला दोन स्टुअर्डनी दारात अडवलं तर ती म्हणाली, तुम्ही जेवलात का बाळांनो. दुपारी सगळे जरा आडवे झाले आणि उठल्यावर प्रत्येकाने आपापला बिछाना असा नीट केला की त्यात कुणी झोपलं होतं यावर विश्वास बसू नये. बेल तर कुणी वाजवायलाच तयार नाही. कशाला उगाच पोरांना त्रास, असं त्यांचं म्हणणं. ताई तर सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन सुरी घेऊन काकड्या चिरत बसली.

मॅनेजरबाई सकाळपासून एका खुर्चीत बसून हे बघत होत्या. दुपारनंतर त्यांनी भाऊजींना बोलावलं. तुमचे पाहुणे फार सुंदर काम करतात, म्हणाल्या, आता तुमची माणसं काय करतात तेही बघायला आवडेल.

भाऊजी खाली स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ताई समोर काकडी चिरतेय. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

“अगं, मला त्रास दे.”

ताईची सुरी थांबली. भाऊजी घाईघाईने समजावायला लागले. काहीतरी माग, दिलेलं परत पाठव, बेल वाजव, चीड, तू त्रास दिलास तर बाकीचे देतील, नाहीतर माझं आटोपलं. एवढं सगळं ते एका दमात बोलले. ताईने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

“किती देऊ?” तिने विचारलं.

“होईल तेवढा,” भाऊजी म्हणाले.

संसाराच्या इतक्या वर्षांत ताईला अशी मुभा कुणी दिली नव्हती. ती वर गेली आणि तिने बेल दाबली. बेल वाजली नाही. त्याऐवजी डेकवरचं कापडी छत हळूहळू मिटत खाली आलं आणि इंजिनियरचे वडील त्यात गुंडाळले गेले. वायरमन मोज्यांवरून घसरत धावला. ताईने अंघोळीचं पाणी मागितलं. टबातलं पाणी सोडलं ते पलीकडच्या न्हाणीघरात वर आलं, तिथे सासूबाई पाय धूत होत्या, त्यांना वाटलं बोट बुडाली. त्यांनी देवाचं नाव न घेता मुलाच्या नावाने टाहो फोडला. प्लंबर धावला. ताईने पडदा वर करायला सांगितला, तो वर गेला आणि खाली यायला तयार होईना. मग तिने मऊ उशी मागितली, मग कडक, मग पुन्हा पहिली.

तिचं बघून बाकीच्यांची भीड चेपली. सासूबाईंनी सोफा खिडकीजवळ सरकवायला लावला, तेव्हा तो जमिनीला पक्का केलेला असायला हवा असं कळलं आणि पक्का करायचा राहून गेलाय असंही लगेचच कळलं. पुठ्ठ्या-प्लास्टिकखाली लपून राहिलेलं यार्डाचं सगळं उरलंसुरलं काम त्या दुपारी बाहेर पडलं. यार्डाच्या तिघा माणसांच्या नाकी नऊ आले. इतक्या दिवसांचं ‘उद्या’ त्यांना एका दुपारी उरकावं लागलं.

आणि भाऊजी? त्यांच्या कपाळावर आठी नाही. सासूबाईंना कोरड्या खोलीत नेलं, पाय पुसायला गरम टॉवेल दिला, म्हाताऱ्याला छतातून सोडवून त्याच्या हातात सरबत दिलं. बोलता बोलता ताईचा बिछाना बदलला, चादरीचे कोपरे असे ओढून बसवले की मलाही क्षणभर तिथे आडवं व्हावंसं वाटलं. ताई खुर्चीत बसून ते बघत होती. मी खाण्याची बशी घेऊन गेले तेव्हा तिने माझा हात धरला.

“हे सगळं ह्यांना येतं,” ती म्हणाली. “आधीपासून येतं.”

कौतुकाने म्हणत नव्हती ती, हे सख्ख्या बहिणीला सांगावं लागत नाही.

शेवटी चहा. या धंद्यात पाहुण्याची आवड आधी विचारून ठेवायची आणि समोर आल्यावर काही न विचारता तेच द्यायचं, यावर स्टुअर्डची पारख होते. भाऊजींनी इंजिनियरला विचारून त्याच्या वडिलांसाठी बिनदुधाचा केला होता, आईसाठी आलं घातलेला. सासूबाईंना फोन करून साखर विचारली होती. प्रत्येकाला आपापला चहा मिळाला आणि सगळे सुखावले. मग भाऊजींनी ताईपुढे कप ठेवला. गडद, दूध घट्ट, साखर भरपूर. मी तो चहा ओळखते. तो भाऊजींचा स्वतःचा चहा.

आणि ताई चहाच घेत नाही. घोटभर घेतला तरी तिच्या छातीत जळजळतं. घरी ती त्यांना कप देते, समोर बसते, बोलते, पण तिच्या हातात कप नसतो हे त्यांना कधी दिसलंच नाही. सगळ्यांना विचारलं, हिला विचारायचं त्यांच्या डोक्यात आलं नसणार. बायकोचं काय विचारायचं? मला संताप आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

मॅनेजरबाई एकेकाला विचारत आमच्यापर्यंत आल्या. “आणि तुमचा? तुमच्या आवडीचा आहे ना?”

भाऊजी हात मागे बांधून ताठ उभे होते. ताईने कपाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“हो,” ती म्हणाली. “ह्यांना विचारावं लागत नाही.”

आणि कप उचलून तिने तो तळापर्यंत प्यायला. मॅनेजरबाईंनी मान डोलावली आणि कप्तानांना सांगितलं, की जुन्या बोटीवरच्या माणसाला कळवायची काही गरज नाही. नंतर मागच्या खोलीत जाऊन भाऊजींनी इस्त्रीच्या नॅपकिनात नाक शिंकरलं, जे त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं.

संध्याकाळी पाहुणे उतरायला लागले. धक्क्यावर जायच्या फळीपाशी भाऊजी प्रत्येकाला हात देत उभे. ताई सगळ्यात शेवटी आली. भाऊजी खुशीत होते, अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

“चहा कसा होता?” त्यांनी विचारलं.

“मी चहा घेत नाही,” ताई म्हणाली. “आपली धाकटी झाली तेव्हापासून सोडलाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. निदान राग असायला हवा होता असं मला वाटलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मी पाण्याकडे बघत राहिले. आता ते ‘मग सांगितलं का नाहीस’ म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्यांच्या अंगावर गणवेश होता. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला, पाहुण्यांसमोर वाकतात तसे जरासे वाकले.

“मग आपण काय घेता?” त्यांनी विचारलं.

ताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. सासूबाईंची साखर, मुलींचं दूध, माझं तिखट, भाऊजींचं सगळं तिला झोपेतही सांगता येतं. ती फळीवर तशीच उभी राहिली. खालून सासूबाई हाका मारायला लागल्या.

“आठवून सांगते,” ताई म्हणाली.

“चालेल,” भाऊजी म्हणाले आणि हात मागे बांधून तिथेच उभे राहिले.