दरवाजावरचा सुलेमान

रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावातल्या रझियाचा नवरा चार वर्षं बेपत्ता होता आणि दर रविवारी रत्नागिरीत दिसायचा. हरिश्चंद्र मास्तरांच्या कॉम्प्युटर क्लासात, सकाळी अकराला, लोखंडी दरवाजासमोर, कानशिलात वायर खोचलेला.

भानगड साधी होती. सुलेमानची खलाशाची नोकरी परदेशातल्या एका बंदरात सुटली, तेव्हा तिथल्या कंपनीला कॉम्प्युटरच्या खेळासाठी रापलेले चेहरे हवे होते. चित्रं काढलेला खेळ नव्हे, खऱ्या माणसांचं शूटिंग. पुढच्या काळातलं शहर, तेजाबाचा पाऊस, माणसांच्या आठवणी विकत घेणारे व्यापारी. सुलेमान तिथला दारवान. दिग्दर्शकानं सांगितलं, तुझ्या भाषेत काहीही बोल, पुढच्या काळात कोणाला काय कळतंय! तेव्हा सुलेमान घरचं दार उघडताना म्हणायचा तेच म्हणाला, "कोण गो? उशीर केलास."

१९९८ साली त्यानं त्या खेळाची सीडी घरी पाठवली. आखातातले पुरुष तेव्हा कॅसेटवर बोलून पत्रं धाडत आणि इकडची माणसं दुसऱ्या कॅसेटवर जबाब देत. रझियानं सीडीही पत्रच धरली, आणि पत्राला जबाब न देणारी बाई ती नव्हती.

खेळणाऱ्याला दारवानाच्या सवालाला तीन उत्तरं देता येत : खरं, खोटं, गप्प. पहिल्याच दिवशी मास्तरांनी 'खरं' दाबलं. बंदुकीचा बार झाला, सुलेमान वाकला, आणि मास्तरांनी घाबरून मेन स्विचच पाडला. त्यानंतर नेहमी 'गप्प'. तसं केलं की तो नुसता उभा राही. पापण्या मिटे, श्वास घेई, मान जराशी तिरकी करी, पुन्हा पहिल्यापासून. रझिया त्याला आठवड्याची खबर सांगे. मास्तरांचं म्हणणं, मासळीचे भाव निघाले की तो मान जरा जास्त तिरकी करतो. मास्तर गणिताचे होते.

१९९९ साली शेवटचं पत्र आलं. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर हाच खेळ निघणार होता, त्यासाठी नवं शूटिंग झालं होतं. 'त्यात माझा दरवाजा उघडतो. मी पुष्कळ बोललोय. ते आलं की बघ.' मग तो कुठल्याशा मालवाहू गलबतावर चढला. गलबताचा पुढं पत्ता नाही. कन्सोलवरच्या खेळाचाही नाही. दोन कन्सोलांवर यायचा होता, दोन्ही रद्द. मास्तरांनी कंपनीला ईमेल केला तर उत्तर आलं : शूटिंग पूर्ण आहे, प्रसिद्ध करण्याचा विचार नाही.

२००३ साली मुलीचं, तूबाचं, लग्न ठरलं आणि धाकटा दीर उमेर पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आला.

"भाभी, भायच्या नावामागं मरहूम लिवायचा का नाय?"

"नको."

"चार वर्सा झाली. मौलवीसाब म्हणतात, आता इद्दतीत बस. सोयरे इचारतात, पोरीचा बाप हाय का नाय?"

"हाय. रविवारी अकराला."

"मग निकाहाला आण की त्याला!"

तूबा खाली बघत म्हणाली, "अम्मी, काय ता एक लिव."

त्या रविवारी रझियानं खबर सांगितली नाही. "मास्तर, 'खरं' दाबा."

"भाभी, गोळी लागते."

"ठाव हाय. या टायमाला स्विच पाडू नका."

बार झाला. सुलेमान वाकला, गुडघ्यावर आला, दरवाजाला टेकला. मरतानाही त्याला बहुधा कुणीतरी सांगितलं असावं, तुझ्या भाषेत काहीही बोल. सुलेमाननं कलमा म्हटला. सावकाश, अखेरपर्यंत, एक अक्षर न चुकवता. मग पापण्या मिटल्या आणि पुन्हा उघडल्या नाहीत. तेजाबाचा पाऊस त्याच्या अंगावर पडत राहिला.

मास्तरांनी कधी नव्हे ती चप्पल काढली होती.

समुद्रावर गेलेल्या माणसाबद्दल बायका एकच विचारतात : शेवटी कलमा नशिबी आला का? रझियाला आता सांगता येत होतं. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"आज तारीख काय, मास्तर?"

त्यांनी सांगितली. तिनं बोटांवर इद्दतीचे, नवऱ्याच्या मौतीपासून विधवेनं पाळायचे, चार महिने दहा दिवस मोजले आणि लग्न त्याच्या पुढं ढकललं.

मौलवीसाहेबांनी विचारलं, "आजपासून का? मौत कधी झाली, कुणी पाहिली?"

"मी," रझिया म्हणाली. "मास्तर पण होते."