पेनानंच लिहिलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, ती तिथेच उभी होती — पण त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. मग आज तुम्हाला का सांगतोय? परवा सोसायटीच्या ग्रुपवर जनगणनेची सूचना आली. तेव्हापासून ती पुन्हा पुन्हा उघडून वाचतोय.

कुठून सुरू करू? अण्णांपासूनच करतो. अण्णा म्हणजे माझे वडील. खडकीच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा अण्णा दहा-अकरा वर्षांचे होते. "त्या दिवशी आपण माणसांत आलो," असं म्हणायचे. मागच्या जनगणनेआधी त्यांनी एकच ध्यास घेतला होता — आपली माणसं नीट मोजली गेली पाहिजेत. दर रविवारी आम्ही दोघं येरवड्याच्या वस्तीत घरोघर जायचो. बोलायचो मीच. बँकेतला अधिकारी ना मी, मला बोलता येतं! गणनेला येणारे काही जण न विचारताच हिंदू लिहून मोकळे होतात, म्हणून धर्म स्वतः सांगा, बौद्ध सांगा, आणि पेन्सिलनं लिहू देऊ नका, मागाहून खोडता येतं — हे माझं पाठ झालेलं भाषण. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "सांगू की दादा, भ्यायचं कुणाला?" मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. काय पण माणूस!

कारण आम्ही राहायचो कोथरूडला. आडनाव असं की कुणाला जातीचा पत्ता लागत नाही. आणि लागू नये, याची मी पुरेपूर काळजी घेत होतो. अण्णांच्या खोलीतली बुद्धमूर्ती बघून शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "शोपीस छान आहे हो." मी हसलो. हसलोच नुसता.

त्या सकाळी गणनेच्या बाई आल्या, कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिका. बरोबर काकू — मजल्यावरची घरं दाखवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. अण्णा अंघोळीला गेले होते. जाताना बजावून गेले होते, "आल्या तर थांबवून ठेव. माझं मी सांगणार." थांबवलं का मी? उलट भराभरा सांगत सुटलो — अण्णा, मी, बायको, मुलगा, चौघांची नावं, वयं, शिक्षण. बाथरूममधला नळ चालू होता, तो बंद व्हायच्या आत सगळं उरकायचं होतं मला.

मग बाईंनी धर्म विचारला. नीट विचारला हो त्यांनी. मनानं काही लिहिलं नाही. पेन धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या. काकूही बघत होत्या.

हिंदू, म्हणालो मी.

चौघांचंही? — चौघांचंही. अनुसूचित जातीत येता का? — नाही.

कुणी धमकावलं होतं मला? काकू करून करून काय करणार होत्या? फार तर वाटीतून येणारी खीर बंद झाली असती. तेवढ्यासाठी मी माझ्या बापाला पुसून टाकलं.

अण्णा बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, बटणं लावत. बाई गेल्या म्हटल्यावर जरा हिरमुसले.

"लिहिलं?"

"लिहिलं."

"पेन्सिलनं नाही ना?"

"नाही अण्णा. पेनानंच."

तेवढं मात्र खरं होतं.

पुढच्या रविवारी ते वस्तीत प्रत्येकाला सांगत हिंडले — आमच्या घरचे चौघं बौद्ध म्हणून नोंदले गेले, तुमचे झाले का? मी शेजारी उभा होतो. मावशींनी कौतुकानं चहा दिला. तो मी प्यायलो.

दोन वर्षांनी अण्णा आजारी पडले. दवाखान्यात त्यांचा हात धरून बसायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगू. ते मला शेवटपर्यंत शाबासकीच देत राहिले, पोरानं समाजाचं काम केलं म्हणून. नाही सांगितलं मी. लाज वाटते म्हणणंसुद्धा आता सोपं वाटतं.

या वेळी म्हणे सगळं मोबाइलवर भरतात. पेनही नाही, पेन्सिलही नाही. कुणीतरी येईल, दार मीच उघडेन. काकू असोत नसोत, बौद्ध म्हणेन, मोठ्यानं म्हणेन. मग ते विचारतील, घरात माणसं किती?

तीन, असं सांगावं लागेल.